त्यात काय रडाचं?

"त्यात काय रडाचं, बाई?" हे ती दातांत दोरा धरूनच बोलायची. सुई तुटली, बाही उलटी जोडली गेली, गिऱ्हाईक भांडून गेलं, तरी तेच. मग दोरा तोडायची आणि स्वतःशीच हसायची.

पोंभुर्ण्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. ती माझ्याकडे ब्लाऊज शिवायच्या कामाला यायची. सतराव्या वर्षी आई झालेली पोरगी. लग्न झालं नव्हतं, आणि मुलाचा बाप हैदराबादकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. दुकानाच्या आढ्याला तिने जुन्या लुगड्याची झोळी टांगली होती आणि झोळीची दोरी मशीनच्या पायडलाला बांधली होती. मशीन चाललं की पोरगा झुलायचा. काम नसलं तरी ती मशीन चालवत बसे, आणि मी उगाच ओरडत असे.

बारावी तेवढी राहिली होती तिची. जूनमध्ये पुन्हा कॉलेजात बसायचं ठरलं होतं, प्राचार्यही हो म्हणाले होते. तेवढ्यात मुंबईहून टीव्हीवाले आले. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींचं खरं आयुष्य दाखवतो म्हणाले. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "लेकरू आहे म्हून शिकू नाई का, बाई? हे सांगतो मी त्याईले."

त्यांनी आधी झोळीची दोरी सोडायला लावली. झोळी हलत राहिली की सगळं सुखाचं दिसतं म्हणे! मग तिच्या घरी गेले. पाहुणे आले म्हणून तिने कोंबडी केली, उखळात लाल मिरची कांडली. डोळ्यांना धारा लागल्या. ती हसत हसत ओढणीने पुसत होती आणि कॅमेरा सुरूच होता.

तुम्हीही कदाचित पाहिला असेल तो भाग. उखळ कुठे दिसलंच नाही. नुसते भरलेले डोळे, मागे रडकं संगीत, आणि एका बाईचा गोड आवाज सांगत होता की एका चुकीची शिक्षा ही आजही भोगते आहे. शिकण्याबद्दल ती जे बोलली ते सगळं कापलं होतं. पोराच्या बापाचा तर उल्लेखही नाही. त्याला शोधत कुणाचा कॅमेरा हैदराबादला गेला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जूनमध्ये मी तिच्यासोबत कॉलेजात गेले. प्राचार्यांनी कार्यक्रम घरच्यांसह पाहिला होता. बाकीच्या मुलींचे पालक नाराज आहेत, म्हणाले. आणि एवढा पस्तावा होतोय तर तिने आता घरी राहून लेकराकडे बघावं. मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोलले. ती मात्र शांतपणे म्हणाली, "सर, मी रडून नव्हती राह्यली. ते मिरचीचं पानी होतं."

सर हसले. त्यांना ती थाप वाटली.

नुसत्या शिलाईवर दोघांचं भागेना, तेव्हा संक्रांतीनंतर ती पोराला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघाली. मजुरांच्या गाडीपाशी मला हुंदका आवरेना. आता ती नेहमीचं वाक्य बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले. ती बोलली नाही. पोराला छातीशी धरून तिने तोंड फिरवलं. या वेळी तिचे डोळे खरंच भरले होते, आणि ते बघायला एकही कॅमेरा आला नव्हता.