ऑईलचा काटा आणि माझा राग

त्या दिवसांत मी देवाचं नाव घ्यायचो ते केवळ सवयीनं. जीव सगळा जीपच्या ऑईल प्रेशरच्या काट्यात अडकलेला असायचा. आमचं घर तिगावजवळ, थोडा संत्र्याचा बगीचा. पत्नीला आठवा महिना लागला होता. पहिल्या वेळी तिला नागपूरला नेताना बस वाटेत बंद पडली, दवाखाना गाठायला उशीर झाला आणि बाळ हाती लागलं नाही. या खेपेला बसच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवून मी आमच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. इंजिन बसलं, पण दुखणं घेऊनच. सुरू केल्यावर प्रेशर भरपूर असायचं. दोन-तीन कोस गेलो की काटा खाली खाली यायचा. थोडा वेळ गाडी बंद ठेवली की पुन्हा सगळं ठणठणीत. ऑईल फिरलं नाही तर इंजिन भर रस्त्यात जाम होतं, एवढं मलाही कळत होतं. अशा गाडीत पत्नीला घालून नागपूरला निघायचं कसं, या एका विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

इंजिन बसवणारा वामन माझा शाळेपासूनचा मित्र, पांढुर्ण्याला त्याचं गॅरेज. त्यानं मीटर बदललं, फिल्टर बदलला, जाड ऑईल टाकून पाहिलं. शेवटी म्हणाला, बहुतेक आतलं बेअरिंग झिजलं असेल, मग दुसरंच इंजिन पाहावं लागेल. माझा राग नाकावरच. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला बोललो की तू माझ्या गळ्यात मेलेलं इंजिन मारलंस. तो हात पुसत एवढंच म्हणाला, "मी काय दुश्मनी काढून राहिलो का तुयाशी? समजून नाही राहिलं मले, इतकंच." मी त्याच्याशी बोलणं टाकलं. घरीही माझ्या तोंडी कोणी लागेना.

शनिवारी पत्नी म्हणाली, "जामसावळीच्या मारुतीले जाऊन येऊ. गाडी जाईल तिथवर जाऊ." आईही निघाली. जामसावळी जवळ आली आणि काटा पडला. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. काही वेळानं चावी फिरवली तर काटा जागेवर. आईनं हात जोडले, "मारुतीरायानं ऐकलं."

"ऐकलं असतं तर पडलाच कशाले असता?" मी खेकसलो. गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

देवळात गर्दी होती. इथल्या मारुतीची मूर्ती निजलेली. आमच्या पुढची एक बाई तिच्या तोंडाशी हात नेऊन पेढा न् अक्षता घालू पाहत होती. माझ्या मागे एक म्हातारे शेतकरी उभे होते. ते तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "पायाशी वाहा, बाई. तोंडात कोंबल्यानं नाही पोचत." बोलले ते तिला, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पण 'तोंड' म्हणताच मला दुसरंच एक तोंड आठवलं. इंजिन बसलं त्या दिवशी आईनं त्याची पूजा केली होती आणि ऑईल भरायच्या तोंडाला कुंकू लागलेलं मी स्वतः फडक्यानं पुसलं होतं. तेव्हा त्यावर क्षणभरही विचार केला नव्हता.

बाहेर आल्यावर मी आईला बाजूला घेतलं आणि विचारलं, पूजेच्या दिवशी अक्षता कुठं वाहिल्यास?

"त्याच्या तोंडात," आई म्हणाली. "तू न् वामन गाडीखाली होते. झाकण उघडंच होतं. घरात नवा जीव आला, पहिला घास त्याले द्या लागते ना. झेंडूच्या पाकळ्याबी टाकल्या. आपल्या सुनेले त्यानंच तं न्यायचं आहे."

आता राग येणार, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक होतं. मी थांबलो. तो आला नाही. समोर आई उभी होती, पदराच्या टोकात प्रसाद बांधत, आणि मला तिच्या हातांशिवाय काही दिसेना. याच हातांनी मला पहिला घास भरवला असेल. सुनेसाठी, न जन्मलेल्या नातवंडासाठी तिनं लोखंडालाही तसाच भरवला. माझे डोळे भरून आले. मी तिला काहीच सांगितलं नाही.

थांबत थांबत आम्ही पांढुर्णा गाठलं. वामनला मी अक्षतांचं हळूच कानात सांगितलं. मी बोलणं टाकलं होतं ते मनात न ठेवता तो गाडीखाली शिरला आणि इंजिनाच्या तळाचं चेंबर खोललं. ऑईल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर तांदळाचे काळे पडलेले दाणे आणि पाकळ्यांचा लगदा चिकटला होता. गाडी चालू असली की तो जाळीवर ओढला जायचा, बंद झाली की सुटून खाली बसायचा. बेअरिंगं शाबूत होती. वामननं बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं आणि जाळी फडक्याखाली सरकवली.

"काय निघालं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही, काकू. थोडा कचरा होता."

मी त्याचा तेलकट हात धरला. "चहा सांग आधी," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात आम्ही नागपूरला निघालो. सौंसर मागे पडलं तेव्हा पत्नी आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिला अशी झोप लागलेली मी पाहिली, आणि काट्याकडे पाहायचंच विसरून गेलो. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली, दोघीही सुखरूप.

दवाखान्यात मुलीला मांडीवर घेऊन बसलो असताना मी पत्नीला म्हणालो, मारुतीनं तुझं मागणं ऐकलं. ती हसली. "बाळाचं तं मी त्याले रोजच सांगून राहिली होती. जामसावळीले दुसरंच मागितलं."

"काय?"

"तुमचा राग जावा, म्हणून."

ते म्हातारे कोण होते, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. चमत्कार झाला असंही मी कोणाला सांगत नाही. जाळी वामननं साफ केली, गाडी मी चालवली. पण त्या दुपारी आईसमोर माझा राग का आला नाही, हे माझं मला आजवर उलगडलेलं नाही. मी देवाकडे गाडी नीट कर म्हणून भांडत गेलो होतो. काय नीट करायचं ते त्यालाच ठरवू द्यावं, एवढं त्यानंतर शिकलो, आणि त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.