दहा मिलिलिटर

"तुला कशाला डोकं लागतं गं? तुमच्या लोकांसाठी कटऑफ स्वतः जिना उतरून खाली येतो."

केमिस्ट्रीचे सर हे माइकवर बोलले. बोरीवलीतला क्लास. खोली चपलेच्या खोक्याएवढी, त्यात साठ पोरं कोंबलेली, तरी सरांना माइक हवा. हसणं असं उठलं की पंखा दोन मिनिटं उलटा फिरला. शपथ.

मी बोर्डाजवळ उभी, हातात मार्कर. अकरावीत होते. हजेरीला सर नंबर नाही, आडनावं घ्यायचे. माझं आलं की त्यांच्या जिभेला खाज सुटायची.

गणित साधं होतं. दहा मिलिलिटर मिथेन, वीस मिलिलिटर ऑक्सिजन, दोन्ही पूर्ण जळले. भांडं थंड होऊन खोलीच्या तापमानाला आलं. वायू किती उरला? क्लासच्या नोट्स म्हणत, तीस. दहा कार्बन डायऑक्साइड, वीस वाफ. सगळ्या बॅचेसनी तीस घोकलेलं.

मी लिहिलं, दहा.

"सर, थंड झाल्यावर वाफ कुठली? तिचं पाणी होणार. आमच्या घरी भातावरच्या झाकणालासुद्धा कळतं."

त्यावर तो कटऑफ आला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा टॉपर उठला. "सर, ॲक्च्युअली दहाच येतं. वॉटर लिक्विड होणार ना."

"एक्सलंट, बेटा!" सर असे फुलले की शर्टाची बटणं घाबरली. "नोट्समध्ये प्रिंटिंग मिस्टेक असेल." मग माझ्याकडे वळून, "तुझं पूस. त्याला नीट लिहू दे."

"तो पण दहाच लिहिणार ना, सर?"

"तुझा तुक्का होता. त्याचं लॉजिक आहे."

डस्टर माझ्या हातात कोंबलं. आणि माझा हात उचललासुद्धा गेला. सवयीनं! तोवर मी कायम असंच करत आले होते. कुणी आडनाव विचारलं की नुसतं नाव सांगायचं. मैत्रिणींना घरी आणायचं नाही. कुणी न सांगता स्वतःला पुसत होते मी.

डस्टर टेबलावर आपटलं.

"नाही पुसणार. त्याला लिहायचंय तर खाली चिक्कार जागा आहे."

"गेट आउट!"

माइक किंचाळला. मग सर स्वतः उठले, माझा दहा पुसला. टॉपरने त्याच जागी दहा लिहिला. टाळ्या!

ठरलं तेव्हाच. बरोबर असेल ते माझ्या हातानं मी पुसणार नाही. ज्याला पुसायचंय त्यानं सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं पुसावं. मी समोर उभी राहून बघेन. आणि परत लिहीन.