मुद्देमालातले विमान

आमचे विमान कधीच पडले नाही. ते पडले असते तर मी हा मजकूर लिहिला नसता. हाताने बांधलेले विमान केव्हा तरी आपटायचेच, आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागायची नसते. आमच्या विमानाला आपटण्याचीही संधी मिळाली नाही. ती कोणी, कोणत्या अधिकारात हिरावली, हा प्रश्न मी तारुण्यापासून आजतागायत निरनिराळ्या कार्यालयांना लेखी विचारत आलो आहे. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून आता हकिकतच लिहून ठेवतो.

माझे वडील निजामाच्या अमदानीत हैदराबादेस विमाने दुरुस्त करण्याच्या कारखान्यात कामाला होते. त्या काळच्या कित्येक विमानांच्या पंखांना आत लाकडी फासळ्या असत आणि वरून कापड शिवलेले असे. ते कापड ताणून शिवायचे आणि त्यावर रोगण चढवून ते ढोलाच्या चामड्यासारखे ताठ करायचे, हे वडिलांचे काम. संस्थान विलीन झाल्यावर नोकरीत कायम होण्यासाठी नेमणुकीचा मूळ हुकूम मागण्यात आला. वडिलांचा हुकूम त्या धामधुमीत गहाळ झाला होता. ते धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतले आणि पेठेत छत्र्या दुरुस्तीचे दुकान मांडून बसले. काड्यांवर कापड ताणण्याचेच काम ते पुन्हा करू लागले. गाव त्यांना मिस्त्री म्हणे.

त्या गहाळ हुकमाने आमच्या घराला एक सवय लावली. कागदाशिवाय कोणतीही वस्तू बाळगायची नाही. त्या काळी घरच्या रेडिओलाही परवाना लागे. पेठेतल्या निम्म्या रेडिओंचे परवाने संपलेले असत आणि त्यांना कोणी काही विचारत नसे. आमचा मात्र मुदत संपण्याआधीच नवा होई. सायकलचा बिल्ला, घरपट्टीच्या पावत्या, अम्मींच्या शिवणयंत्राचे बिल, सारे एका पत्र्याच्या पेटीत असे, आणि ती पेटी दाराजवळ ठेवलेली असे. घराला आग लागली तर आधी ती बाहेर काढायची, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

मी सनद घेऊन तालुका कोर्टात बसू लागलो, त्याच सुमारास वडिलांच्या नजरेची तक्रार सुरू झाली. बार्शीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. नजर कडांकडून आत मिटत चालली होती. वडील म्हणत, "नळीतून बघितल्यागत दिसतंय."

त्या हिवाळ्यात बसऱ्याहून मामू आले. तिथल्या तेल कंपनीतला कोणी इंग्रज कारकून नोकरी सोडून जाताना सामान विकत होता. त्यात एक लांबट खोके होते, तेवढे मामूंनी वडिलांसाठी घेतले. बंदरावर जकात भरून पावतीही आणली होती. खोक्यात बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या होत्या. हे लाकूड इतके हलके की तळहातावर ठेवले तरी काही ठेवल्यासारखे वाटत नसे. घडी घातलेला मोठा नकाशा होता, अंगठ्याएवढे इंजिन होते, आणि बिनतारी यंत्राचे दोन भाग होते. एक विमानाच्या पोटात बसवायचा. दुसरा म्हणजे उंच दांडी आणि एक बटण असलेली पेटी, ती जमिनीवर उभ्या माणसाच्या हाती. बटण एकदा दाबले की शेपटीचे सुकाणू उजवीकडे वळे, दोनदा दाबले की डावीकडे. वडिलांनी फळीचा वास घेतला, ती कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "हे उडंल. मला दिसतंय तवर उडवायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात एवढे एकच काम होते.

मी नकाशा वाचून दाखवी आणि ते दाढीच्या पात्याने फासळ्या कापत. नळीएवढ्या नजरेत नकाशाचा हातभर भागही मावत नसे. ते बोट ठेवून विचारीत, "हिच्या पुढं काय लिहिलंय?" मी सांगे. मग बोट पुढे सरके. खोक्यातल्या पातळ कागदाला दमट हवेने डाग पडले होते, म्हणून तेरखेड्याच्या फटाके बनवणाऱ्यांकडून ओळखीने झिरझिरीत कागद आणला. तो चिकटवायला वडिलांनी कणकेची खळ शिजवली आणि तिच्यात मोरचूद घातला. पुस्तके बांधणारे घालतात तसाच, म्हणजे कीड कागदाला तोंड लावत नाही. शेवटी साऱ्या कागदावरून त्याच खळीचा पातळ हात फिरवला. पंखांवर फिकट निळसर झाक आली. वाळल्यावर कागद असा ताणला गेला की नखाने वाजवता येई.

शेजारचा हॉटेलवाला चहाचे पेले घेऊन येई आणि तिथेच रेंगाळे. अंगाने तो दुकानाच्या दारात जेमतेम मावे.

"मिस्त्री, ह्याला कंडक्टर लागंल का?"

"तू ये की. पण तिकीट काढून."

"म्या बसल्यावर मग ह्यो टांगाच म्हना."

विमान पुरे झाले तेव्हा त्याचे पंख दुकानाच्या रुंदीत मावेनात. ते छताला तिरपे टांगावे लागले. मी म्हणालो, "अब्बा, उद्या माळावर जाऊ. इंजिन नको, यंत्र नको. नुसते हाताने सोडू. तरंगते कसे ते पाहू."

"आधी परवाना."

"नुसत्या लाकडाला आणि कागदाला परवाना लागत नाही. बिनतारी यंत्राला लागतो. कलम माझे पाठ आहे."

"कलम तुला पाठ आहे, बेटा. मला मानसं पाठ आहेत. कागद येऊ दे."

अर्ज मीच लिहिला. यंत्राचे वर्णन, ते कोठून आले, जकातीच्या पावतीची नक्कल, वापराचा हेतू, जागा. त्यात एक शब्द कमी नव्हता, एक जास्त नव्हता. आजही माझे म्हणणे तेच आहे की अर्ज निर्दोष होता. पण त्याच्या पोटातच एक खड्डा होता, आणि तो माझ्या लेखणीने नव्हे, नियमाने खणलेला होता. यंत्र बाळगण्याचा परवाना मागायचा तर ते आपल्यापाशी आहे हे लिहावे लागते, आणि परवान्यावाचून ते आपल्यापाशी असणे हाच गुन्हा. मुकाट बसणारा सुटतो. विचारणारा सापडतो.

अर्जाची चौकशी स्थानिक पोलिसांकडे यायला अनेक महिने लागले. तोवर सरहद्दीवर लढाई पेटली होती. पेठेत रोज संध्याकाळी रेडिओभोवती घोळका जमे आणि आमच्या दुकानावरून जाताना काहींचा आवाज खाली येई. एका सकाळी जमादार दोन शिपायांसह आला. त्याच्या हातात माझाच अर्ज होता.

"मिस्त्रीचाचा, ते वायरलेस कुठंय?"

"हे काय, छताला. उतरवून देऊ का?"

पंच म्हणून हॉटेलवाल्याला आणि समोरच्या शिंप्याला बोलावले. पंचनाम्यात दांडीची पेटी वायरलेस म्हणून लिहून झाली, पण विमानापाशी जमादार अडला. "हे काय म्हणून लिहू?"

"विमान," वडील म्हणाले.

"विमान लिहिलं तर सायेब मला येड्यात काढतील. खेळणं लिहू का?"

मी म्हणालो, "अवश्य लिहा. मग कोणत्या कायद्याने खेळणे जप्त करता, तेही खाली लिहा."

"वकीलसाहेब, तुमी गप ऱ्हावा. तुमच्यामुळंच आमाला कळलं न्हवं का?"

हॉटेलवाला हसू लागला होता, तो थांबला. शेवटी लिहिले गेले ते असे: लाकडी विमान एक, कागद लावलेले, उडण्याच्या स्थितीत. वडिलांनी ते वाचायला मागितले. कागद नजरेच्या त्या नळीत धरून त्यांनी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मला वाटले हरकत घेतील. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय."

फिर्याद दाखल झाली. आरोपी क्रमांक एक, माझे वडील. पहिल्या तारखेला ते एकटे चालत कोर्टात आले. पुढच्या काही तारखांना माझी बाही धरून आले. सरकारी साक्षीदार हजर नसे, मग पुढची तारीख पडे. मुद्देमाल सपाट जागी, कोरड्या खोलीत आणि जमिनीपासून वर ठेवावा, त्यावर ओझे ठेवू नये, असा अर्ज मी दिला. त्यावर शेरा आला, "पाहिले." ज्याने तो लिहिला त्याने मुद्देमालाची खोली उघडूनही पाहिली नाही, हे मी पुढे सिद्ध केले आणि लेखी कळवले. त्याचीही पोच माझ्याकडे आहे.

वडील घरी येऊन विचारीत, "वाळवीचं काय? भिंतीला टेकवलं असंल का?"

"मोरचूद घातला आहे ना, अब्बा?"

"कागदाला घातलाय."

पंच म्हणून हॉटेलवाल्याची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारले, हे यंत्र चालू असताना तुम्ही कधी ऐकलेत? तो म्हणाला, "न्हाय सायेब. म्या रोज वाट बघायचो. ते वाजलंच न्हाय." कोर्टात हशा पिकला. वडील हसले नाहीत. निकालाच्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारले, "साहेब कोणत्या बाजूला बसलेत?" मी त्यांची मान वळवून दिली. ज्याने आपणहून अर्ज केला त्याने काही लपवले असे म्हणता येत नाही, असे म्हणून कोर्टाने त्यांना सोडले. अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल परत द्यावा, असा हुकूम झाला. त्या हुकमाची नक्कल वडिलांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुढे रोज सदरा बदलताना ती नव्या सदऱ्यात घालीत.

मुद्देमालाच्या खोलीत विमान हातभट्टीच्या डब्यांमागे जमिनीवर होते, भिंतीला टेकवलेले. मला वाटले होते चुराडा झाला असेल. नव्हता. पंख जागच्या जागी होते, कागद ताणलेला, निळसर झाक तशीच. मी ते दोन्ही हातांवर आडवे धरून पेठेतून नेले. लोक पाहत होते, आणि मला त्यांनी पाहावे असेच वाटत होते.

"अब्बा, साबूत आहे," मी दुकानाच्या पायरीवरूनच ओरडलो.

त्यांनी ते मांडीवर घेतले. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटे फिरवली. कागदावर कुठेही भोक नव्हते. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विमान दोन्ही तळव्यांवर उचलले आणि तसेच धरून राहिले.

"हलकं झालंय रे."

त्यांनी अंगठ्याने एक फासळी हळूच दाबली. ती होती तिथे आता काही नव्हते. कागदाच्या आत भुगा सरकल्याचा आवाज आला. वाळवीने विषारी कागद सोडला होता आणि आतले सगळे लाकूड खाल्ले होते. वडिलांनी लावलेला कागद पुरा शाबूत होता. मी बोलू लागलो, नुकसानभरपाईचा दावा, कोणते कलम, कोणाविरुद्ध. ते म्हणाले, "इंजिन काढ."

इंजिन आणि त्याच्या टोकाचा पंखा खराब झाले नव्हते. मी ते दुकानाच्या फळीला पक्के बसवले. इंधनासाठी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ईथर आणले, रॉकेल आणि एरंडेलात मिसळले. पंखा फिरवायला वडिलांनी मला हात लावू दिला नाही. पुष्कळदा बोट मारल्यावर इंजिन एकदम कर्कश ओरडू लागले. छताला टांगलेल्या छत्र्या हलल्या. एका सांगाड्यावर काळे कापड नुसते घातलेले होते, ते उडून शिवणयंत्रावर पडले. वडील पंख्यामागच्या वाऱ्यात तळहात धरून बसले. डोळे उघडेच होते, समोर भिंत होती. आकाश, माळ, वळण यांतले काही वर्णन करून सांगण्याचा खोटेपणा मला जमला नसता आणि त्यांना चालला नसता.

आवाजाने पेठेत माणसे थांबली. कोणाचे तरी जड पाऊल दुकानाच्या पायरीवर वाजले. वडिलांचा हात वाऱ्यातून निघाला आणि सदऱ्याच्या खिशात गेला. त्यांनी हुकमाची घडी उलगडली आणि दाराकडे धरली. मग विचारले, "कोन हाय?"

"म्या हाय मिस्त्री," हॉटेलवाला म्हणाला. त्याच्या हातात चहाचे पेले होते. "वाजलं का शेवटी?"

"हां," वडील म्हणाले.

इंधन संपेपर्यंत कागद त्यांनी तसाच धरून ठेवला होता.