दगड ठेवणाऱ्याचं नाव

ऑगस्टची थंडी, त्यात पश्चिमेचा कोरडा वारा. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये पास्कोल सकाळी सहापासून कोविडच्या नमुन्यांच्या पिशव्या फोडत होता. नळी, नाव, जन्मतारीख, उपनगर. क्वेकर्स हिल, ब्लॅकटाउन, परत क्वेकर्स हिल. लॉकडाउनचा आठवा आठवडा. मास्कच्या दोऱ्यांनी कान सोलवटले होते.

साडेबाराला कारपार्कात डबा उघडला, तोच वसईहून बहिणीचा, इव्हाचा फोन.

"इथं सकाळचे आठ, अन् पाथरवट येऊनही बसलाय. परवा बाबांची महिन्याची मिस्सा. थडग्यावरची ओळ दे."

"देतो गं."

"देतो गं म्हणून तीन आठवडे झाले. बाबांना पुरलं पंधरा मिनिटांत, अन् तुला एक ओळ लिहवेना."

पास्कोल सात वर्षं सेमिनरीत होता. फादर न होताच परतला तेव्हा बाबा महिनाभर बोलले नाहीत. पुढं मात्र ओट्यावर वाल सोलताना त्याचं लॅटिन ऐकून घेत. रोममध्ये, रोमला, रोमहून, नुसतं गावाच्या नावाचं शेपूट बदलायचं. देशाला वेगळा शब्द जोडावा लागतो. ऑस्ट्रेलिया म्हणजे दक्षिणेकडची. जमीन स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी आ.

"शेपटावरून माणूस कुठंय ते कळतं होय?" बाबा म्हणत. "मग तुलाही लाव एक."

घराण्याच्या थडग्यावरच्या सगळ्या ओळी लॅटिनमध्ये. आपली पास्कोलनं लिहायची, हे बाबांनीच सांगून ठेवलेलं.

त्यांचं सोपं होतं. नाव, पुढं व्हसाइएन्सिस, म्हणजे वसईचा. अडलं होतं खाली. दगड ठेवतो थोरला मुलगा. त्याचंही नाव-गाव तिथं येतं. इथल्या सीमा बंद, त्याला जाता आलं नव्हतं. ज्याची मूठभर माती पडली नाही, त्यानं कुठलं गाव लावायचं?

"त्या दिवशी माती कोणी टाकली गं?"

"मी. पालिकेची चार माणसं होती, प्लास्टिकात गुंडाळलेली. दुसरं कोण येणार?"

त्यानं कागदी रुमालावर दोन ओळी लिहिल्या, फोटो पाठवला.

"खाली माझं नाव?" इव्हा म्हणाली. "काका लोक खवळतील. मुलगा जिवंत असताना पोरीचं?"

"खवळू देत. ठेवतेयस तू. व्हसाइएन्सिस बाईलाही चालतं."

"मग तुझं?"

"माझं राहू दे."

"पाथरवटाला खाली जागा सोडायला सांगते. जेव आता, गार झालं असेल."

भात गारच होता. चार घास खाऊन त्यानं डबा झाकला, आत जाऊन नवे हातमोजे चढवले आणि पुढची पिशवी फोडली. नळी, नाव, जन्मतारीख. केलीव्हिल.