हवेतून काढलेलं आम्ल
गावाहून आलेल्या आंब्याच्या पेटीतून परवा लाल मुंग्या निघाल्या. एक बोटाखाली चिरडली आणि तो आंबट, नाकात झोंबणारा वास आला. काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेत तोच वास आला होता. कार्बन डायऑक्साइडवर विजेची प्रक्रिया करून त्याचं फॉर्मिक ॲसिड, म्हणजे मुंग्यांच्या डंखातलं आम्ल बनवायचं, यामागे आम्ही दोघी मैत्रिणी कितीतरी दिवस लागलो होतो. त्या दुपारी बाटलीच्या तळाशी ते खरंच जमलं. मैत्रीण नाचायला लागली. मी एप्रन काढून परळच्या हॉस्पिटलात गेले. जन्मभर गिरणीतला कापूस छातीत घेतलेले माझे वडील तिथे मास्क लावून पडले होते. डॉक्टर म्हणाले, "रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतोय. आता बाहेर टाकणं त्यांना जमत नाहीये." वडिलांनी डोळे उघडले. "झाला काय गो तुझा काम?" "झालं, बाबा. त्या वायूचं पाणी केलं आम्ही." ते मास्कच्या आत हसले. "मगे माझ्यातलो पण घेवन जा. खूप साठलो हा." आई पदर तोंडाला लावून हसली, मीही हसले. संध्याकाळी ते गेले. लालबागच्या आमच्या चाळीत माणसं जमली, बायका रडल्या, मी सगळ्यांना पाणी देत राहिले. प्रयोगशाळेतलं आमचं ते यंत्र आता मोठं झालंय, कॉलेजातली मुलं बघायला येतात. हा वायू नेमका कुठून घेता, असं कोणीतरी विचारतंच. मी सांगते, सिलिंडरमधून. आणि पुढचं समजावू लागते.