शुक्रवारच्या आत गेम

चार माणसं एका हॉलमध्ये कोंडली आणि डोक्यावर तारीख टांगली, की किस्से जमवावे लागत नाहीत; चहाच्या उष्ट्या कपांसारखे आपोआप साठतात. आमच्या केडगावच्या हॉलमध्ये असंच झालं. माझी मुलगी मुक्ता पुण्यातली नोकरी सोडून आली आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन मोबाईल गेम करू लागली. एका मराठी सुपरहीरो सिनेमाचा गेम मिळाला. हीरो गावातला वायरमन. झटका बसून त्याच्या अंगात वीज भरते! सिनेमा शुक्रवारी लागणार. गेम गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचला नाही तर काम रद्द, आणि मुक्ता परत पुण्याला. मी पदार्थविज्ञानाचा पीएच.डी., निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडे फक्त काळजी करायचं खातं होतं.

*

तेही फार टिकलं नाही. "आप्पा, आजपासून तुम्ही टेस्टर," मुक्ता म्हणाली. "तुम्हाला पहिली लेव्हल जमली, की महाराष्ट्रात कुणालाही जमेल!"

हा मान की अपमान, यावर मी अजून विचार करतोय.

*

पुढच्या लेव्हलला हीरो खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटावरून उडी मारतो. मी उंची, वजन, वेग मांडून पाहिलं. "चूक माझीही असेल," मी चाचरत म्हणालो, "पण या उडीत गुडघे शाबूत राहत नाहीत."

प्रोग्रॅमर संदीप पुणतांब्याचा. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "सर, त्यो सुपरहीरो हाय. गुडघ्याचं आप्रेशन तुमचं झालंय!"

*

खलनायकाच्या यंत्राला आवाज सापडेना. संदीपनं खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज रेकॉर्ड केला आणि मोठ्यानं लावून पाहिला. स्वयंपाकघरातून हिनं हाक मारली, "अहो, गिरणी चालू झाली, दळण टाकून या!"

मी डबा घेऊन खाली गेलो. गिरणीला कुलूप! डब्यासकट वर आलो तर संदीप म्हणाला, "साउंड पास!"

*

चित्रं काढणारी प्रणाली खर्ड्याचीच. शेळ्यांशिवाय तिला तो किल्ला किल्ला वाटेना, म्हणून तिनं तटावर शेळ्या सोडल्या. सिनेमावाल्यांचा निरोप आला: शेळीला इजा होता कामा नये, लोक चिडतील. संदीपनं शेळीला काहीच लागणार नाही अशी सोय केली.

त्या दुपारी मी एकाही गुंडाला हात न लावता लेव्हल पार केली. तिघंही उठून माझ्याभोवती जमली.

"कसं केलंत, सर?"

"केलं काहीच नाही. भीती वाटली, शेळीच्या मागं बसलो. गुंडांचे दगड शेळीवर आपटून उलट त्यांनाच लागले."

प्रणाली म्हणाली, "सर, हा बग शूर माणसाला सापडलाच नसता!"

*

गुरुवार. शेवटची फाईल पाठवायला घेतली, निम्मी गेली आणि कोपऱ्यावरच्या खांबावर ठिणगी उडून लाईट गेली! इन्व्हर्टर आधीच मान टाकून बसलेला. मोबाईलच्या नेटवर एवढी मोठी फाईल हलेना. संध्याकाळ तर दारात.

आता सगळं बबनरावांच्या हातात. बबनराव म्हणजे आमच्या भागाचे खरेखुरे वायरमन. मुक्तानं गल्लीत ज्यांना ज्यांना गेम तपासायला दिला होता, त्यांत तेही होते. तिनं फोन लावला. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलू लागले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. संपलं, म्हटलं. पोरगी रडतेय. पुण्यात कुणाकडे शब्द टाकावा, याचा विचारही मी सुरू केला.

थोड्या वेळानं पंखा फिरला. फाईल पुढं सरकली. दिवेलागणीला समोरून निरोप आला: फाईल मिळाली, गेम उद्या सिनेमाबरोबर येतोय. संदीपनं शिट्टी मारली. मुक्ता भिंतीला टेकून खाली बसली.

"मघाशी रडत का होतीस गं?" मी विचारलं.

"रडत कुठं होते, आप्पा! बबनकाका म्हणाले, 'ताई, खांबापाशीच उभा हाय. तुमचा वायरमन वर चढिवलाय, त्येवढा खाली उतरू द्या, मंग मी चढतो!'"