कोठ्यातला करंट

लग्न होऊन मी आमगावकडे आले, त्याच वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गुरांच्या कोठ्यात स्वतःच्या हातानं लाइट बसवला. सासूबाई म्हणत होत्या, वायरमनला बोलवा.

"दोन तारा जोडाले वायरमन कायले पायजे?" मामाजी म्हणाले.

घरातल्या जुन्या वायरचे तुकडे जोडले, सांध्यांवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं आणि ती वायर लोखंडी खांबाला बांधून टाकली. बल्ब पेटला. मामाजी शेजाऱ्यांना हाताला धरधरून तो दाखवायला आणत.

पावसाळा लागला आणि त्या खांबाला साखळीनं बांधलेली म्हैस बिथरली. कोठ्यात पाय टाकेना, धार काढताना लाथा झाडी, दूध चोरून धरी. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. मामाजी म्हणाले, "नखरे करून राहिली."

एका सकाळी कोठा धुऊन मी अनवाणीच म्हशीची साखळी सोडायला गेले. हातातून असा झटका गेला की मी मागच्या मागे, गोळा करून ठेवलेल्या शेणात जाऊन बसले. माझी किंकाळी ऐकून दोघं धावत आले.

"खांबात करंट आहे!" मी ओरडले.

मामाजींनी खांबाला खुशाल मिठी मारली. "कोठी हाये करंट? तू बी म्हशीवानी करून राहिली."

सासूबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "आधी ते गमबूट काढा. मंग लावा हात."

आता माघार कशी घेणार? मामाजींनी बूट काढले, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि एकच बोट, तेही उलटं, खांबाला टेकवलं. पुढच्या क्षणी ते माझ्या शेजारी शेणात होते. लुंगी सुटलेली. सासूबाईंनी आधी धावत जाऊन घरातला मेन स्विच पाडला, मग त्या हसायला लागल्या.

दुपारी वायरमन आला. सांध्यावरचं प्लास्टिक सुटून उघडी तार खांबाला लागली होती. ती त्यानं आधी सोडवून बाजूला केली. मग म्हणाला, "नशीब समजा. अजून थोडी घट्ट लागली असती, तर म्हैसही गेली असती आणि सूनबाईही."

तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मामाजी जेवलेही नाहीत.

वायर नवी झाली, तरी म्हैस कोठ्यात जाईना. दिवाळीपर्यंत आम्ही तिची धार अंगणातच काढली. पाऊस आला की मामाजी तिच्यावर छत्री धरून उभे राहत.